नाव कुणी घेतलं

नाशकात भद्रकालीच्या मागच्या गल्लीत जमीलभाईंचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या माळ्यावर त्यांच्या केबलची कंट्रोल रूम होती. रूम म्हणायचं ते आपलं मोठेपणाने. एक टेबल, चार व्हीसीआर, वायरींचा गुंता आणि उन्हाळ्यात भाकरी भाजून निघेल असा वर पत्रा. जमीलभाईंच्या स्वतःच्या दोन वाहिन्या होत्या. एकीवर रोज नवा हिंदी सिनेमा लागायचा, परवाच थिएटरात आलेला. परवानगी वगैरे भानगडीत ते कधी पडले नव्हते. दुसरीवर सकाळी भजनं, संध्याकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दुपारभर नुसत्या मुंग्या.

त्या मुंग्यांच्या दुपारींवर किशोर सरांचा डोळा गेला. सर शाळेत भूगोल शिकवायचे आणि अकरा वर्षं एक फिल्म सोसायटी चालवायचे. खुर्च्या चाळीस, माणसं नऊ, त्यातली तीन पंख्याखाली झोपायला येणारी. माणसं सिनेमाकडे येत नाहीत तर सिनेमाच त्यांच्या घरात घुसवू, असं सरांच्या डोक्यात आलं. अठ्ठ्याण्णव सालच्या गणपतीत त्यांनी जमीलभाईंना पटवलं आणि दुपारी दोन ते साडेचार या वेळात 'आडवाट' नावाची वाहिनी सुरू झाली. पदरचे पैसे घालून एकट्यादुकट्याने काढलेले सिनेमे, परदेशातले, आसाम-मणिपूरकडचे, जे कुठल्याच थिएटरला नको होते ते. प्रत्येक कॅसेटबरोबर सर दिग्दर्शकाच्या सहीचं परवानगीपत्र मागवायचे. जमीलभाई म्हणायचे, माझ्या धंद्यात आलेली पहिली कायदेशीर कॅसेट ही सरांची. अख्ख्या देशात असं चॅनल नाही, असं सर छाती फुगवून सांगत. ते खरंच असेल, कारण एवढा वेडेपणा दुसऱ्या कुणाला सुचणं कठीण होतं.

अडचण भाषेची होती. चित्राखाली इंग्रजी ओळी धावायच्या आणि पंचवटीतल्या बायकांना त्यांचा काय उपयोग? मग सर स्वतः माईक घेऊन बसले आणि ओळी मराठीत वाचू लागले. पण सरांच्या आवाजाला भूगोलाच्या तासाची सवय. प्रेमाची कबुलीसुद्धा ते अशी वाचत, की गोदावरीचा उगम सांगताहेत. पंधरा दिवसांत लोक पुन्हा मुंग्या बऱ्या म्हणू लागले.

तेव्हा मीना सापडली. मीना गावित, करंजपाड्याची, सुरगाण्याच्या डोंगरातली. आश्रमशाळेत शिकली, नाशकात मुलींच्या वसतिगृहात राहून बी.ए. झाली आणि जमीलभाईंच्या शेजारच्या एसटीडी बूथवर बसायला लागली. बूथवर लोक इंग्रजी पत्रं घेऊन यायचे, आणि ही पोरगी डोळ्यांनी इंग्रजी वाचत तोंडाने सरळ मराठी बोलायची, मध्ये श्वासभरही न थांबता. सरांनी ते एकदा ऐकलं आणि तिला माळ्यावर नेऊन माईकसमोर बसवलं.

मग आडवाट चालायला लागली. मीनाचा आवाज दुपारी जेवणं उरकलेल्या घरांत शिरला. ती रडक्या जागी रडत नसे, पण ऐकणारीच्या हातातलं निवडणं तसंच राहायचं. दुसऱ्या दिवशी बूथवर बायका येऊन विचारायच्या, काल आमची लाइट गेली, ती शेवटी नवऱ्याला सोडून गेली का गं? भाजीवाली तिला ओळखायची आवाजावरून. डोंगरातून आलेली, शाळेत 'तुझं मराठी सुधार' म्हणून छड्या खाल्लेली मुलगी आता शहराला मराठी ऐकवत होती. याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

एक रीत तिथे पडली. बर्फात राहणाऱ्या आठ भावांचा एक सिनेमा लागला होता. आठही दाढीवाले, आठही टोपीवाले. मीना प्रामाणिकपणे 'तो म्हणाला, त्याने मारलं' असं बोलत गेली आणि कॉलेज रोडवरच्या एका आजोबांनी फोन करून तिची खरडपट्टी काढली, की तो म्हणजे कोण, बाई? आम्ही काय दाढ्या मोजत बसायचं? तेव्हापासून सरांचा नियम झाला. 'तो' नाही, 'ती' नाही, थेट नाव घ्यायचं. प्रेक्षक हरवता कामा नये. मीनाची जीभ या नियमाला अशी सरावली, की पडद्यावरचा माणूस 'तो' म्हणाला की तिच्या तोंडून आपोआप नाव यायचं. तिला त्यात डोकं घालावं लागत नसे.

दोन हजार सालच्या मे महिन्यात मुंबईहून अदिबा नावाची एक तरुण दिग्दर्शिका आली. तिला द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्या डोंगरातल्या माणसांवर सिनेमा काढायचा होता. भाषेसाठी कुणीतरी हवं होतं, म्हणून मीना तिला आपल्या पाड्यावर घेऊन गेली. चौदा घरांचा पाडा. भात निघाला, दिवाळी झाली की पुंजा मुकादमाची जीप यायची आणि माणसं भरून दिंडोरीच्या पलीकडे बागांवर न्यायची. छाटणी, विरळणी, काढणी. होळीपर्यंत पाड्यात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. घरची नागली, म्हणजे नाचणी, संक्रांतीपर्यंत पुरते, पुढचं पोट त्या जीपमध्ये बसून येतं, हे पाड्यात शेंबडं पोरही सांगेल.

पाड्यातली फुलाबाई आणि तिचा नवरा बुधा आदल्या वर्षी अशाच एका बागेत गेले होते. काढणीच्या दिवसांत त्याला साप चावला. गाडी एकच होती, मुकादमाची, आणि ती द्राक्षाच्या पेट्यांनी भरलेली. ऊन वाढलं तर द्राक्ष मऊ पडतं, भाव उतरतो. मुकादम म्हणाला, आधी पेट्या जाऊ दे, आलोच. तो आला तेव्हा बुधा फुलाबाईच्या मांडीवर थंड झाला होता. कागदावर कुठे काही लिहिलं गेलं नाही, आणि पुढच्या दिवाळीला फुलाबाई पुन्हा त्याच जीपमध्ये चढली. न चढून सांगते कुणाला?

अदिबाच्या कॅमेऱ्यासमोर ती आधी बसेचना. मीना तिच्या शेजारी बसली, लहानपणी हिच्याच कडेवर वाढलेली मीना, आणि म्हणाली, काकी, हे इकडं कुणी बघणार नाही, हे दिल्लीला न् परदेशात दाखवतात. माझा शब्द. तेव्हा फुलाबाई बोलली. कोकणीत, म्हणजे डोंगरातल्या कोकणा लोकांच्या बोलीत, हळूहळू, हातातल्या दोरीला पीळ देत देत. सगळं बोलली, पण मुकादमाचं नाव मात्र तिने घेतलं नाही. तो म्हणाला, त्याची गाडी, तो आला. अदिबाने विचारलं, तो म्हणजे कोण? फुलाबाईने दोरीला आणखी एक पीळ दिला.

अदिबाला ते कळलं नसेल, मीनाला कळलं होतं. पाड्याची एक रीत आहे. एखाद्याने केलेल्या वाइटाबद्दल चार माणसांत त्याचं नाव घेतलं, की त्याला पंचात उभा केल्यासारखं होतं. मग त्याने जाब द्यायचा, आणि जाब होईपर्यंत त्याच्याशी देणंघेणं बंद. म्हणून ज्याच्या जीपमध्ये उद्या चढायचं आहे, त्याचं नाव शहाणं माणूस घेत नाही. तो म्हणायचं. कुणाला कळायचं ते कळतंच. फुलाबाईने आपलं दुःख सांगितलं होतं आणि पोटावर पायही येऊ दिला नव्हता. लिहितावाचता न येणाऱ्या बाईचं हे तोलून बोलणं मोठ्या वकिलाला जमलं नसतं.

पुढच्या वर्षी, दिवाळीच्या आधी, अदिबाच्या सिनेमाची कॅसेट आडवाटेला आली. परदेशात कुठेकुठे गाजलेली. सोबत परवानगीपत्र आणि 'पहिला हक्क तुमच्या वाहिनीचा' अशी चिठ्ठी. सरांना आकाश ठेंगणं झालं. तीन वर्षं जगभरची दुःखं दाखवली, आता आपल्याच जिल्ह्याचा सिनेमा. मीना म्हणाली, सर, हा नको, मी शब्द दिलाय. सर चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिला समोर बसवून विचारलं, दिल्लीला दाखवायचा आणि नाशिकला लपवायचा, मग आपण हे चॅनल काढलं कशाला? आणि यात कुणाचं नाव आहे का? मीनाने कॅसेट पाहिली. नाव नव्हतं. खाली इंग्रजीतही 'तो'च होता.

खरं सांगायचं तर तिलाही मोह झाला होता. शेवटी पाट्यांमध्ये तिचं नाव होतं, पडद्यावर तिचा पाडा होता, आणि हे बोलणं शहराने ऐकावं असं तिलाही वाटत होतं. ज्या बागांची द्राक्षं पंचवटीतल्या घराघरांत खातात, तिथे काय होतं ते कळू दे एकदा. नाव नाही तर भीती कसली, असं म्हणून तिने स्वतःची समजूत काढली. परवानगीपत्र अदिबाचं होतं. फुलाबाईची परवानगी विचारायला डोंगरात एसटीने पाच तास जावं लागलं असतं, आणि सिनेमा परवाच लावायचा होता.

त्या दुपारी मीना जशी बोलली तशी पूर्वी कधी बोलली नव्हती. या वेळी तिला खालच्या ओळींची गरजच नव्हती. फुलाबाईचं कोकणी कानात पडत होतं आणि मराठी होऊन तोंडातून निघत होतं. बुधाचा पाय काळा पडला, मी पदर फाडून बांधला, गाडी समोर उभी होती. डोळे भरून आले होते आणि शब्द मात्र स्वच्छ, एकामागून एक. शेजारी जमीलभाई आवाजाचं बटण धरून बसले होते. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला आणि माईक झाकून हळूच विचारलं.

"बेटा, हा पुंजा कोण?"

मीनाला प्रश्नच कळला नाही. मग कळला. ती म्हणाली होती, 'पुंजा मुकादम म्हणाला, आधी पेट्या जाऊ देत.' पुंजा मुकादमाची गाडी. पुंजा मुकादम दिवेलागणीला आला. तीनदा. फुलाबाईने जिथे जिथे 'तो' म्हटलं, तिथे तिथे मीनाच्या सरावलेल्या जिभेने नाव भरलं होतं. खरं तेच नाव. ते बरोबर भरायला नाशकात दुसरं कुणाला जमलंच नसतं, इतकी ती पाड्याची होती. उरलेला सिनेमा तिने कसा पुरा केला ते तिला आठवत नाही.

आणि योग बघा. पुंजा त्या वेळी दिंडोरी नाक्यावर औषधांच्या दुकानात बागेच्या फवारणीची औषधं घ्यायला बसला होता. दुकानात टीव्ही चालू होता. दहा गिऱ्हाइकांसमोर त्याने पडद्यावर फुलाबाईचं तोंड पाहिलं आणि आपलं नाव ऐकलं. गिऱ्हाइकांतला एकजण त्याच्याकडे वळून बघायला लागला, तेव्हा तो औषधं तिथेच टाकून उठला.

सरांना मीनाने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, तुझा आवाज आपण कुठे रेकॉर्ड करतो? नाही करत. थेट गेला, हवेत गेला. कोण सिद्ध करणार? आपण गप्प बसू, आठ दिवसांत लोक विसरतील. बोललीस तर चॅनल बंद पडेल, जमीलभाईंना त्रास होईल, आणि हाती काय येईल? सर वाईट माणूस नव्हते. पण तीन वर्षं जपलेलं रोप कुणी उपटायला आलं की चांगल्या माणसाचीही दानत कळते. मीना गप्प बसली, सरांसाठी थोडी आणि स्वतःसाठी पुष्कळ.

दिवाळीला ती घरी गेली नाही. भाऊबीज झाल्यावर बाराव्या दिवशी तिची आई, मालनबाई, एसटीने नाशकात आली आणि बूथच्या पायरीवर येऊन बसली. जीप आली होती, तिने सांगितलं. खालच्या पाड्याची माणसं भरली आणि करंजपाड्याच्या वळणावर न थांबता गेली. पाड्याची माणसं गाठोडी घेऊन रस्त्यावर उभी होती. पुंजाने निरोप धाडला, की जिथं माझं नाव घेतात तिथली माणसं मला नकोत. दुसरे मुकादमही त्याच्याच गोतातले, कुणी घेईना.

"फुला पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, मी नाव नाय घेतलं म्हणून. पण टीव्हीत आलंय म्हनतात. टीव्हीत आलं ते खोटं कसं असंल? हापशावर तिला कुणी हंडा लावू देत नाय. पाड्याचा कारभारी म्हनला, रविवारी पुंजा येतोय, तिनं पंचात त्याचे पाय धरायचे, नायतर पाडा सोडून माहेरी जायचं."

मालनबाईने हे सांगितलं आणि लेकीच्या तोंडाकडे बघितलं.  आयांना काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. मीनाने आईला चहा पाजला, एसटीत बसवून दिलं आणि ती तशीच जमीलभाईंकडे गेली.

जमीलभाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाईने नाव घेतलं नाही हे कॅसेटमध्येच आहे ना, मग कॅसेटच दाखवू. मीना सरांना, येता का, असं विचारायला गेली तर सर म्हणाले, माझी तब्येत बरी नाही. रविवारी सकाळी जमीलभाईंनी आपल्या ओम्नीत टीव्ही, व्हीसीआर, इन्व्हर्टर आणि बॅटरी भरली. वाटेत ते एवढंच म्हणाले, की माझं नाव आलं तर येऊ दे, माझं दुकान आहे, मी बघून घेईन. 

पाड्याच्या शाळेची एकच खोली. दुपारचं ऊन दारातून आत आलेलं. सगळा पाडा जमिनीवर बसलेला, बाजूने कारभारी आणि पंच, आणि शाळेतल्या एकुलत्या एक खुर्चीवर पुंजा मुकादम. बाहेर त्याची जीप रिकामी उभी होती. पाड्यातल्या दारादारांत गाठोडी बांधून ठेवलेली मीनाने येतानाच पाहिली होती. मालनबाईच्या दारातही होतं. फुलाबाई सगळ्यांच्या मागे भिंतीशी एकटी बसली होती, तिच्या बाजूला दोन हात जागा मोकळी.

मीनाने कारभाऱ्याला विनवलं, आधी हे बघा, मग काय ठरवायचं ते ठरवा. जमीलभाईंनी यंत्र लावलं. या वेळी माईक नव्हता, मराठी नव्हतं. पडद्यावर फुलाबाई आपल्या बोलीत बोलू लागली आणि खोलीत पाखरू हलेना. आपली भाषा टीव्हीतून येते हे त्या लोकांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. बुधाचं नाव आलं तेव्हा बायका डोळे पुसायला लागल्या. गाडीची गोष्ट आली. तो म्हणाला, आधी पेट्या जाऊ दे. त्याची गाडी. तो दिवेलागणीला आला. नाव आलंच नाही. जमीलभाईंनी मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा नाही आलं.

माना भिंतीकडे वळल्या. फुलाबाईने कुणाकडेच पाहिलं नाही.

पुंजा म्हणाला, "ही कॅसेट बदललीय. मी माझ्या कानानं ऐकलंय. दुकानात धा माणसं होती."

"तुम्ही ऐकलं ते खरं हाय," मीना म्हणाली. "पण तो आवाज काकीचा नव्हता. माझा होता."

कुणाला पटलं नाही. पाड्याची पोर काकीला वाचवायला बघते, असं पंचांत कुजबुजलं. तेव्हा मीना टीव्हीशेजारी जाऊन बसली, माळ्यावर बसायची तशी, आणि जमीलभाईंना आवाज बारीक करायला सांगितला. फुलाबाईचे ओठ हलू लागले आणि मीना बोलू लागली, त्या दुपारच्या आवाजात, नाशकाच्या स्वच्छ मराठीत. 'पुंजा मुकादम म्हणाला, आधी पेट्या जाऊ देत.' दुसरं वाक्य सुरू करायच्या आधीच पुंजाचं तोंड उतरलं. त्याने आवाज ओळखला होता.

आणि तेव्हा मीनाला कळलं की आपण काय केलं. या वेळी दिंडोरी नाक्यावर नाही, पंचासमोर, पाड्याच्या लेकीने, त्याचं नाव त्याच्या तोंडावर घेतलं होतं. म्हाताऱ्या कारभाऱ्यालाही ते कळलं. तो काठीवर जोर देऊन उभा राहिला.  अडीच वर्षं बुधासाठी कुणी काही बोललं नव्हतं, तोही बोलला नव्हता.

"पोरीनं पंचात नाव घेतलं. रीतीनं आता तुला बोलावं लागंल, पुंजा. बुधाला का नाय नेला?"

पुंजा खुर्चीवरून उठला नाही. त्याने खिशातून जीपची किल्ली काढली आणि मांडीवर ठेवली.

"बोलतो की. होळीनंतर बसू, दोन दिस बसू. पर जीप आज भरायची हाय. बारा जागा हायेत. फुलाचा माझ्यावर राग नाय, तिनं नाव नाय घेतलं, ती चालंल मला. या पोरीच्या घरचं कुणी नको. ज्याला यायचं त्यानं आत्ता यायचं, नायतर खालच्या पाड्यात भरतो."

कारभारी उभाच होता. त्याने एकदा पंचांकडे पाहिलं, एकदा लोकांकडे. जाब होईपर्यंत देणंघेणं बंद, ही रीत न सांगताच तो खाली बसला. प्रथम एक तरणी बाई पोराला कडेवर घेऊन उठली, मग दोघे भाऊ, मग सगळीच खोली हलायला लागली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मीनाला त्या माणसांचा राग यायला हवा होता, पण येईना. नागली संक्रांतीपर्यंतच पुरते हे तिलाही ठाऊक होतं.

तिला वाटलं होतं, खरं सांगितलं की काकी सुटेल. सुटलीच होती. हापसा मोकळा झाला, माहेरी जायला नको, पाय धरायला नकोत. सुटून तिने जायचं कुठे, तर त्याच जीपमध्ये.

मालनबाई शाळेच्या दारात उभी होती. ती घराकडे वळली आणि तिने दारातलं गाठोडं उचलून आत नेलं. फुलाबाई सगळ्यांत शेवटी आपलं गाठोडं घेऊन आली आणि मीनासमोर थांबली. मीनाने तिचे पाय धरायला हात पुढे केले तर तिने ते धरून ठेवले. तिचे हात दोरीने खरखरीत झालेले होते.

"तू खरं बोललीस, मीने. मला बी तेच बोलायचं होतं, रोज, सपनात बी. पर ते माझं होतं ना गं. मी कधी बोलायचं, कुणाम्होरं बोलायचं, ते मी ठरवलं असतं. माझ्या तोंडानं तू कशाला बोललीस?"

  फुलाबाईने हात सोडले आणि ती जीपच्या मागच्या फळीवर चढली. पुंजाने पुढून आरशात जागा मोजल्या आणि किल्ली फिरवली.

जीप वळणावरून खाली गेली, तिची धूळ बसली, तरी शाळेच्या रिकाम्या खोलीत टीव्ही चालूच होता. जमीलभाई बटणाशी बसले होते. पडद्यावर फुलाबाई दोरीला पीळ देत होती आणि कुणी ऐकत नसताना आपल्या माणसाची गोष्ट सांगत होती.

"बंद करू का, बेटा?" जमीलभाईंनी विचारलं.

"नको," मीना म्हणाली. "तिचं बोलून होऊ द्या." आणि ती मघा फुलाबाई बसली होती तिथे भिंतीशी जाऊन बसली.